ज्या दिवशी हातोडे थांबले नाहीत

"गोविंदराव, तुम्ही बोलता फार. त्यातलं थोडं कागदावर उतरवा, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं डॉक्टर मला तीनदा म्हणाले, म्हणून लिहायला बसलो आहे. मी मराठी चार इयत्ता शिकलेला तांबट. शुद्धलेखनाबद्दल कुणी माझ्या वाटेला जाऊ नये. हृदयाचा झटका येऊन सहा आठवडे उताणा पडलेला आणि तरीही उरलेला माणूस नाशकात सहज सापडत नाही, एवढीच माझी लायकी. पण आधीच सांगून ठेवतो, बरं झाल्याच्या आनंदाने मी हे लिहीत नाही. मी बरा झालो एवढं मात्र खरं आहे.

डावा हात

बादशहा पंचम जॉर्ज वारले त्या वर्षीचा पावसाळा होता. तांबट आळीत आमची दोन घरं, मधे एकच भिंत. एका घरात मी आणि माझी बायको सरस्वती. आमची एकुलती मुलगी लग्न होऊन सिन्नरला गेलेली. दुसऱ्या घरात माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. दादांच्या पुढच्या खोलीत आमचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन ऐरणी, एक भट्टी आणि आम्ही दोघे भाऊ. देवळाली कॅम्पच्या ठेकेदाराने मोठी पातेली आणि पाणी तापवायचे बंब सांगितले होते, आणि ते दिवाळीच्या आत हवे होते.

तांबटाचा उजवा हात हातोडा मारतो आणि डावा भांडं धरून फिरवतो. सगळे हादरे डाव्यात उतरतात. त्यामुळे आमच्या आळीत डावा हात दुखत नाही असा पुरुष नाही. दुखला की तिळाचं तेल कोमट करायचं, बायकोकडून चोळून घ्यायचं आणि सकाळी पुन्हा ऐरणीवर बसायचं. माझा हात पंधरा दिवस दुखत होता. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, पायऱ्या चढून येताना जास्त दुखायचा आणि थांबलं की थांबायचा. हातोडा हातात नसताना, नुसतं चालताना तो का दुखावा, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आमच्यापैकी कुणाच्याच आला नसता.

मग एका दुपारी, जेवायला उठण्याच्या बेतात असताना, छातीवर कुणीतरी येऊन बसलं. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही. घामाने धोतर भिजलं. वहिनींनी ओव्याचं पाणी आणलं. समोरच्या घरातले नाना तांबट धावत आले. आळीतला सगळ्यात म्हातारा हात त्यांचा, आणि वैद्यकी सांगण्याची हौसही त्यांनाच. "काय नाय, वात हाय. चढलाय वर. पोट दाबा त्याचं," ते म्हणाले. पोट दाबलं. मी ओरडलो नाही, कारण ओरडायला श्वासच नव्हता. दादा मात्र कुणाचं न ऐकता डॉक्टरांना आणायला गेले.

वही

डॉक्टर मुंबईहून शिकून आलेले, तरणे, किडकिडीत. सायकलवरून आले, दंडात सुई टोचली आणि माझं दुखणं ओसरेपर्यंत उशाशी बसून राहिले. मग त्यांनी एक काळ्या पुठ्ठ्याची जाड वही उघडली आणि प्रश्न सुरू केले. हात केव्हापासून दुखतो? जिना चढताना की जेवल्यावर? बाप कशाने गेला? मी म्हटलं, वाताने. त्यांनी मान वर केली. "नाशकात सगळे वातानेच जातात. हे हृदयाचं आहे, गोविंदराव. हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी बंद झाली आहे. तेवढा मांसाचा तुकडा मेला. तो भरून यायला सहा आठवडे लागतील. तोवर उठायचं नाही, जोर करायचा नाही, आणि मनाला धक्का बसता कामा नये."

"आणि बसला तर?" सरस्वतीने विचारलं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मला कळावं म्हणून मीच म्हटलं, "म्हणजे सांध्यात ओतलेली झाळ ओली असताना भांडं हलवलं तर सांधा उकलतो, तसं." त्यांना ते इतकं आवडलं, की तेही त्यांनी लिहून घेतलं.

ही वही त्यांची स्वतःची होती. अशा प्रत्येक रोग्याला एक पान. कितव्या दिवशी नाडी किती, झोप किती, काय खाल्लं, कशाने बिघडलं. या दुखण्याचा अभ्यास मोठ्या शहरांतून चालला आहे, नाशकात कुणी काही मांडून ठेवत नाही, म्हणून आपण मांडतो, असं ते म्हणाले. पुढे एकदा ते हात धुवायला मागे गेले असताना वही माझ्या उशाशी उघडी राहिली. मान न हलवता, बोटाने पानं मागे सारत, जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. काही पानांच्या डोक्यावर शाईची बारीक फुली होती. मागच्या पानावर होती. त्याच्या मागच्यावरही होती. मी पुढे पाहिलं नाही. माझ्या पानाचा माथा अजून कोरा होता, आणि ती जागा मला त्या दिवसापासून डोळ्यांसमोर दिसू लागली.

शांतता

उताणं पडून राहणं म्हणजे आराम, असं ज्याला वाटतं त्याने सात दिवस पडून पाहावं. कूस बदलायची तर दोघांनी धरून बदलायची. घास दुसऱ्याने भरवायचा. उभा जन्म भांडी घडवण्यात गेला, आणि वेळ आली ती एका पांढऱ्या इनॅमलच्या भांड्यावर, तेही बायकोने खाली सरकवलेल्या. पहिले दोन दिवस मी लाजेने पोट आवळून धरलं. डॉक्टरांनी ताडलं. "जोर करून गेलेले माझ्या वहीत आहेत, लाजून वाचलेला एकही नाही," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी लाज सोडली. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी ती पहिल्याच दिवशी सोडावी.

पण खरी भीती भलत्याच बाजूने आली. डॉक्टरांनी आवाज नको म्हणून सांगितलं होतं. झटक्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर आळी गप्प. एक हातोडा वाजत नव्हता. आमच्या आळीचा रिवाज असा, की कुणी गेलं की हातोडे थांबतात, आणि प्रेताला अग्नी दिल्याची बातमी येईपर्यंत कुणी ऐरणीला हात लावत नाही. जन्मल्यापासून मी त्या आवाजात वाढलो. आवाज थांबला की आईसुद्धा आधी विचारायची, कोण गेलं?

मी सरस्वतीला विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. तुमच्यासाठी बंद ठेवलंय सगळ्यांनी."

मला खरं वाटेना. ही लपवते आहे असंच वाटलं. मग त्याहून वाईट विचार आला, की गेलो तो मीच आणि मलाच कळलेलं नाही. आज हसू येतं, तेव्हा हातपाय गार पडले होते. पाच दिवस ती शांतता चालली आणि पाचही दिवस माझी नाडी वहीत चढती लागली. डॉक्टर चक्रावले. शेवटी मीच हात जोडून सांगितलं, "डॉक्टर, हातोडे सुरू करा. या शांततेनेच मी मरेन." नानांनी समोरून पहिला ठोका घातला, मग दादांनी पलीकडच्या खोलीत, मग सगळी आळी वाजू लागली. मी त्या दुपारी मेल्यासारखा झोपलो. डॉक्टरांनी पाच दिवसांची नाडी एका बाजूला आणि हातोड्यांनंतरची दुसऱ्या बाजूला अशी मांडली. "हे कुठल्या पुस्तकात नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी पोरासारखा खुलला.

त्या दिवसापासून घरात सगळ्यांना कळून चुकलं, की हातोडे वाजत असतील तोवर हा निवांत असतो.

दारातला माणूस

दादा रोज दोनदा यायचे, आत न येता उंबऱ्यात उभे राहून बोलायचे. ऑर्डर दोघांची होती आणि हात आता दोनच. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डॉक्टर माझी नाडी मोजत होते, तेव्हा दादा दारात आले. बोलता बोलता ते डावा खांदा चौकटीला घासत होते, गाय खांबाला घासते तसा.

"दादा, हात धरलाय का?" मी विचारलं.

"दोघांचं काम एकटा ओढतोय, धरणारच. रात्री तेल लावतो."

"लावा," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. ज्या हाताच्या दुखण्याने मी तीन आठवडे उताणा पडलो होतो, तोच हात दादांचा दुखत होता, आणि मी त्यांना तेल लावायला सांगितलं. डॉक्टरांची बोटं माझ्या मनगटावर आणि नजर घड्याळावर होती. दादा कामावर गेले.

तो दिवस

चौथ्या आठवड्यातल्या एका दिवशी हातोडे नेहमीपेक्षा लवकर सुरू झाले. बाहेर पाऊस. पलीकडच्या खोलीतून, दादांच्या ऐरणीवरून, आवाज येत होता. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की ताठरतो आणि आवाज चढत जातो. मग भट्टीत घालून पुन्हा मऊ करावा लागतो, तेवढा वेळ ठोके थांबतात. कान तयार असेल तर नुसत्या आवाजावरून सांगता येतं, भांडं कुठवर आलं. त्या सकाळी ठोके थांबत नव्हते. पत्रा भट्टीत जातच नव्हता. कर्कश झाला तरी त्यावर मारणं चाललंच होतं. मला वाटलं, दादांनी कुणी अडाणी माणूस हाताखाली घेतला असेल. मनात म्हटलं, उद्या बोलतो. आणि झोपलो.

दुपारी डॉक्टर आले. एरवी सकाळी यायचे. नाडी मोजली आणि पुन्हा मोजली. "फार छान आहे आज," ते म्हणाले, पण माझ्याकडे न पाहता.

दुसऱ्या दिवशी दादा आले नाहीत. सरस्वती म्हणाली, पत्रा कमी पडला म्हणून मुंबईला गेलेत, आणि वाटेत वहिनींना इगतपुरीला माहेरी सोडलंय. तिकडे पावसाने गाड्या अडल्या आहेत, यायला वेळ लागेल. माझ्या दुपारच्या पेजेचं वाडगं वहिनी आणायच्या, ते आता तीच आणू लागली. माझ्या खाटेवरून देवघर दिसायचं. तिथे दिवा लावलेला दिसेना. विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरांनी धूर नको म्हटलंय." मी हसलो. म्हटलं, या माणसाने आता देवालाही पथ्य लावलं. तीही हसली. ती कशी हसली असेल याचा मी आता विचार करतो. घरात दहा दिवसांचं सुतक होतं आणि मी सुतकात बसून विनोद करत होतो.

पुढच्या दिवसांत मला काहीतरी वास येत होता, मात्र नेमका कशाचा ते कळेना. लोक दारातून डोकावायचे आणि मी पाहिलं की बाजूला व्हायचे. नाना एकदा आले, खाटेच्या कडेवर बसले, माझे पाय दाबत राहिले. नानांनी कुणाचे पाय दाबले नसतील आयुष्यात. मी समजलो, आपलं काही खरं नाही, वहीत आपल्या पानावर फुली पडणार हे सगळ्यांना कळलं आहे. फुली माझ्याच पानावर पडेल, एवढंच मला सुचत होतं.

नाडी

सहा आठवडे भरले. डॉक्टरांनी मला उठवून खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला लागले तर जमीन परकी वाटली. मी खूश होतो. त्यांनी समोर स्टूल घेतलं, माझं मनगट धरलं, वही मांडीवर उघडी ठेवली आणि सरस्वतीला मानेने खूण केली.

ती माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "अहो, दादा गेले. आज सतरा दिवस झाले."

डॉक्टरांची बोटं मनगटावर तशीच होती. दुसऱ्या हातात घड्याळ होतं. "श्वास घ्या, गोविंदराव," ते म्हणाले.

मी हात हिसकावून घेतला. म्हटलं, "माझा भाऊ मेला आणि तुम्ही ठोके मोजताय?"

"हो," ते म्हणाले. "तुमचेच मोजतोय. त्यांचे मोजले नाहीत. माझी बोटं तुमच्या मनगटावर होती, तेव्हा तो माणूस दारात खांदा घासत उभा होता. मी वर पाहिलं नाही." मग मीच हात पुढे केला, कारण मला दुसरं काही सुचेना.

बाकीचं नानांनी सांगितलं. दादा भल्या सकाळी भट्टी पेटवताना कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आळी जमली. कुणीतरी हातोडे थांबवा म्हणालं, आणि नाना म्हणाले, "थांबवाल तर गोविंदा जाईल. दोघं भाऊ एका दिवशी न्यायचे का?" मग नाना स्वतः दादांच्या ऐरणीवर बसले. प्रेत मागच्या खोलीत होतं. "लय ठोकलं मी," नाना मला म्हणाले. "काय घडवायला हात वळंना, म्हून नुस्ता पत्रा ठोकत बसलो. फाटला तरी ठोकत होतो." आळीतल्या घराघरांत तसंच चाललं होतं. ज्याला ज्याला रडू येई तो जोरात मारी. प्रेत मागच्या बोळातून काढलं. रामनाम तोंडातल्या तोंडात घेतलं. दादांना मूल नव्हतं, अग्नी देण्याचा हक्क माझा होता. तो आमच्या चुलतभावाने दिला. आळीच्या आठवणीत ऐरणी वाजत असताना उचललेलं प्रेत तेवढं एकच.

आणि वहिनी इगतपुरीला गेल्याच नव्हत्या. सतरा दिवस त्या भिंतीपलीकडे होत्या, माझ्या उशापासून दोन हातांवर. बायकांनी त्यांच्या तोंडाशी पदर धरला होता, हुंदका भिंतीतून येऊ नये म्हणून.

मी सरस्वतीशी चार दिवस बोललो नाही. नानांनी दिलेला चहा परत पाठवला. मला जगवलं म्हणून मी त्या सगळ्यांवर चिडलो होतो, आणि आपण कशावर चिडलो आहोत हे मला नीट कळतही होतं. चौथ्या दिवशी वहिनी आल्या. कपाळ रिकामं, हात उघडे. माझ्या समोर जमिनीवर बसल्या.

"भावोजी, मला रडू दिलं नाही म्हणून तुमच्यावर राग नाही माझा," त्या म्हणाल्या. "पण आता मी इथं बसून रडणार आहे. तुम्ही ऐकायचं."

मी ऐकलं. आवाज थेट रस्त्यावर जात होता. समोर नानांनी हातोडा खाली ठेवला, मग शेजारच्याने, मग पुढच्याने.

दोन नोंदी

आता मी हातोडा धरत नाही. कल्हईला आलेली भांडी तपासतो, गिऱ्हाइकांशी वाद घालतो, हळू चालतो. ज्यांच्या घरात असं दुखणं आलं आहे त्यांना एकच सांगतो. खाटेवरच्या माणसाकडे सगळे पाहतात. त्याचं काम जो उचलतो त्याच्याकडेही पाहा. तो खांदा चोळत असेल तर त्याला तेल देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. मी हे शिकलो ते दादांच्या जिवावर.

मागच्या आठवड्यात डॉक्टर वही घेऊन आले. दादांसाठी त्यांनी माझ्या शेजारचं पान काढलं आहे, न तपासलेला रोगी म्हणून. त्याच्या डोक्यावर फुली आहे. ते म्हणाले, "एक प्रश्न मला या वहीत पहिल्या दिवसापासून हवा आहे. प्रत्येकाला विचारायचा, शुद्ध असताना, घरच्यांसमोर. तुम्हाला विचारून सुरुवात करतो. पण आधी सांगा, दादा गेल्याचं त्या दिवशी सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"मेलो असतो," मी म्हटलं.

"मग आम्ही केलं ते बरोबर होतं?"

"नाही. सांगायला हवं होतं."

त्यांनी लेखणी थांबवली. मग म्हणाले, "तुमचं हृदय अजून अधू आहे. ही वेळ पुन्हा येऊ शकते. आता तो प्रश्न. पुढे घरात असं काही झालं तर तुम्हाला सांगायचं का?"

"सांगायचं," मी म्हटलं. "ताबडतोब."

सरस्वती दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सुपावरून मान वर केली नाही.

"लिहा डॉक्टर," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं.